तात्पुरत्या दंतटोपीच्या संगणकीय निर्मितीपद्धती : एक तुलनात्मक विवेचन

सारांश :
दात घासून कायमची टोपी बसविली जाईपर्यंतच्या काळात रुग्णाच्या दातावर जी तात्पुरती टोपी असते, ती आज दोन संगणकीय मार्गांनी तयार करता येते. पहिल्या मार्गात घट्ट बहुवारिकाच्या चकतीतून टोपी कोरून काढतात. दुसऱ्या मार्गात द्रवरूप राळेचे पातळ थर प्रकाशाने गोठवून ती घडवितात. प्रस्तुत लेखात या दोन मार्गांची पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तुलना केली असून कडेची जुळणी, सामर्थ्य, रंगस्थैर्य, जैविक सुरक्षितता आणि खर्च हे पाच निकष विचारात घेतले आहेत.

बीजशब्द : तात्पुरती दंतटोपी, बहुवारिक, मिलिंग, त्रिमितीय मुद्रण, कडेची फट, नमनसामर्थ्य.

१. प्रस्तावना :
दाताला ‘कॅप’ बसविणे ही गोष्ट आता सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली आहे. तथापि टोपी बसविण्यापूर्वी दात सर्व बाजूंनी घासून बारीक करावा लागतो, आणि अशा वेळी दाताचे संरक्षक कवच म्हणजे दंतवल्क बव्हंशी निघून जाते, याची जाणीव रुग्णाला क्वचितच असते. कवच निघाल्यावर उघड्या पडलेल्या दंतिनात दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नलिका असतात. या नलिकांतील द्रवाची हालचाल झाली की दातातील मज्जातंतू उद्दीपित होतात. स्वीडनमधील ब्रेनस्ट्रॉम यांनी मांडलेल्या द्रवगतिक उपपत्तीने या संवेदनेचे स्पष्टीकरण मिळते. थंड पाण्याच्या घोटाने घासलेल्या दातातून कळ येते, तिचे कारण हेच होय.

प्रयोगशाळेतून कायमची टोपी येईपर्यंत साधारणतः एक ते तीन आठवडे जातात. दंतरोपणाच्या किंवा संपूर्ण मुखपुनर्रचनेच्या उपचारात हा काळ कित्येक महिन्यांचा असतो. या काळात तात्पुरत्या टोपीला चार कामे करावी लागतात. तिने दंतमज्जेचे रक्षण करावयाचे, शेजारचे व समोरचे दात सरकू द्यावयाचे नाहीत, हिरडी निरोगी ठेवावयाची आणि रुग्णाचे चावणे, बोलणे व दिसणे अबाधित राखावयाचे असते. टोपी तुटली अथवा तिच्या कडेतून लाळ आत झिरपत राहिली, तर जिवंत दातावर रूट कॅनालची वेळ येऊ शकते. दात थोडा जरी सरकला तरी नव्याने आलेली कायमची टोपी बसत नाही. आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडले जाते. दुखणे थांबले, की कामाचा खाडा आणि प्रवासखर्च टाळण्यासाठी अनेक रुग्ण पुढील भेट लांबणीवर टाकतात. तीन आठवड्यांसाठी केलेली टोपी मग तीन-चार महिने दाताची राखण करीत बसते. म्हणूनच ‘तात्पुरती’ या विशेषणामुळे तिच्या निर्मितीचा प्रश्न दुय्यम ठरत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे :
(१) तात्पुरत्या टोपीच्या संगणकीय निर्मितीपद्धतींमागील भौतिक व रासायनिक तत्त्वे स्पष्ट करणे.
(२) या पद्धतींची समान निकषांवर तुलना करणे.
(३) कोणत्या परिस्थितीत कोणती पद्धत निवडावी, याविषयी दिशा सुचविणे.

३. पूर्वपीठिका : हाताने घडविलेली टोपी
संगणकीय पद्धतींचे महत्त्व कळण्यासाठी पारंपरिक पद्धतीच्या मर्यादा पाहणे आवश्यक आहे. १९३० च्या दशकात दंतवैद्यकात आलेले पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हे बहुवारिक आजही या कामाचा आधार आहे. पारंपरिक पद्धतीत त्याची भुकटी व एकवारिकाचा द्रव एकत्र कालवून तो लगदा साच्यातून थेट घासलेल्या दातावर ठेवतात आणि तो तेथेच कडक होतो.

येथे दोन अडचणी उद्भवतात. बहुवारिकीकरण ही उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया आहे, ही पहिली अडचण. झॅक व कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात दंतमज्जेचे तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने वाढल्यावर १५ टक्के दातांतील मज्जा मृत झाल्याचे आढळले होते. दुसरी अडचण आकुंचनाची. शुद्ध मिथिल मेथाक्रिलेटचे बहुवारिकीकरण होताना त्याचे आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी घटते. भुकटी आधीच बहुवारिक झालेली असल्यामुळे मिश्रणात ही घट साधारण ७ टक्क्यांवर येते. तरीही टोपीची कड दातापासून सुटण्यास तेवढी पुरते. याशिवाय अभिक्रियेत भाग न घेतलेले एकवारिक टोपीत शिल्लक राहते आणि त्याने हिरडीचा दाह होऊ शकतो. नंतर प्रचारात आलेल्या बिस-ॲक्रिल संमिश्रांनी उष्णता व आकुंचन यांचे प्रमाण कमी केले. पण कालवताना शिरणारे हवेचे बुडबुडे आणि करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असलेली गुणवत्ता हे दोष राहिलेच.

४. संगणकीय पद्धतींचा उगम :
दाताचा ठसा प्रकाशाच्या साहाय्याने घ्यावा आणि टोपी यंत्राने घडवावी, ही कल्पना फ्रान्समधील फ्रान्स्वा द्युरे यांनी १९७० च्या दशकात मांडली. झुरिच विद्यापीठातील व्हेर्नर म्योर्मान आणि विद्युत अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांनी १९८५ मध्ये रुग्णाच्या खुर्चीशेजारीच सिरॅमिकचे भरण कोरून बसविले. दुसऱ्या प्रवाहाचा उगम दंतवैद्यकाबाहेरचा आहे. जपानमध्ये हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने गोठणाऱ्या राळेपासून त्रिमितीय आकृती घडविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये अशाच पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९८६ मध्ये त्यांना ते मिळाले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये तयार केलेल्या सूक्ष्म आरशांच्या चिपेमुळे पुढे संपूर्ण थर एकाच वेळी प्रकाशित करणे शक्य झाले.

दोन्ही प्रवाहांचा आरंभ आज सारखाच असतो. मुखांतर्गत स्कॅनरने दाताची त्रिमितीय प्रतिमा घेतात, संगणकावर टोपीचा आराखडा काढतात आणि तो असंख्य त्रिकोणांच्या जाळीच्या रूपात फाईलमध्ये साठवितात. येथून पुढे मार्ग वेगळे होतात. एक मार्ग वजाबाकीचा आहे, तर दुसरा बेरजेचा.

५. वजाबाकीची पद्धत : मिलिंग
या पद्धतीचा कच्चा माल म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेटची कारखान्यात तयार झालेली चकती. तिचा व्यास साधारण ९८ मिलिमीटर असतो. कारखान्यात नियंत्रित उष्णता व दाब यांखाली बहुवारिकीकरण झालेले असल्यामुळे पदार्थ एकजिनसी असतो, बुडबुडे जवळजवळ नसतात आणि शिल्लक एकवारिक अत्यल्प राहते. जे आकुंचन व्हावयाचे ते टोपी जन्माला येण्यापूर्वीच होऊन गेलेले असते. मिलिंगचे मुख्य बळ यात आहे.

तिची मर्यादा मात्र भूमितीची आहे. फिरणाऱ्या पात्याच्या टोकाची त्रिज्या जेवढी असेल त्यापेक्षा अणकुचीदार आतला कोपरा त्याला कोरता येत नाही. घासलेल्या दाताची धार पात्याच्या टोकापेक्षा बारीक असेल, तर ती टोपीत सामावावी म्हणून संगणक तेथील भाग मुद्दाम जास्त कोरून टाकतो. त्यामुळे टोपी बसते खरी, परंतु धारेपाशी आतून ढिली राहते व तेथील भिंत पातळ होते. पाते झिजत गेले की कडेवर सूक्ष्म टवके उडतात. साहित्याची नासाडीही मोठी आहे. समजा, एका टोपीसाठी चकतीवर १४ × १४ मिलिमीटर जागा लागली आणि चकती २० मिलिमीटर जाड असली, तर ३.९ घन सेंटीमीटर साहित्य खर्ची पडते. प्रत्यक्ष टोपीत त्यातले अर्धा घन सेंटीमीटरही राहत नाही. बाकीचा सर्व भुसा होतो.

६. बेरजेची पद्धत : त्रिमितीय मुद्रण
या पद्धतीत मेथाक्रिलेट वर्गातील द्रव राळ, तीत मिसळलेला प्रकाश-आरंभक आणि बहुधा ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश हे तीन घटक असतात. लेसर-मुद्रणात किरण प्रत्येक थराची आकृती रेखीत जातो. प्रक्षेपक-मुद्रणात आणि द्रवस्फटिक-पडद्याच्या मुद्रणात संपूर्ण थर एकदम प्रकाशित होतो. थराची जाडी बहुधा २५ ते १०० मायक्रोमीटर ठेवतात.

एकदम प्रकाशित करण्याचा लाभ साध्या गणिताने कळतो. ८ मिलिमीटर उंचीची टोपी ५० मायक्रोमीटरच्या थरांनी घडवावयाची तर १६० थर लागतील. प्रत्येक थराला ६ सेकंद धरले तर १६ मिनिटे होतात. १९२० × १०८० बिंदूंच्या प्रतिमेत प्रत्येक बिंदू ५० मायक्रोमीटरचा असेल, तर छपाईचा पृष्ठभाग ९६ × ५४ मिलिमीटरचा होतो. त्यावर एक टोपी ठेवा अथवा दाटीने तीस ठेवा, वेळ तेवढाच लागतो. मिलिंगमध्ये मात्र टोप्यांच्या संख्येबरोबर वेळही वाढत जातो.

मुद्रणातील खरा कस प्रकाशाच्या मात्रेचा असतो. राळ किती खोलवर गोठेल हे प्रकाशऊर्जेवर अवलंबून असते, परंतु हा संबंध लॉगरिदमी आहे. थर मागच्या थराला चिकटावा म्हणून गोठण्याची खोली थराच्या जाडीपेक्षा थोडी अधिक ठेवावीच लागते. ती फार वाढली, तर टोपीच्या पोकळ भागात नको असलेली राळही गोठते व आतील जागा आखडते. कमी पडली तर थरांचा परस्परबंध दुबळा राहतो.

छपाईच्या वेळी टोपी कोणत्या कोनात धरली आहे, यालाही महत्त्व आहे. वक्र पृष्ठभागावर थरांच्या पायऱ्या उमटतात, आणि ताण थरांना विलग करण्याच्या दिशेने येत असेल तर भेग दोन थरांमधून सहज धावते. ताण थरांच्या लांबीच्या दिशेने असेल, तर भेगेला एकेक थर ओलांडावा लागतो. आधारासाठी उभारलेल्या काड्या टोपीच्या कडेवर किंवा आतील पृष्ठभागावर येऊ न देणे हाही याच विचाराचा भाग आहे.

यंत्रातून बाहेर आलेली टोपी अपूर्णावस्थेत असते. तिच्या अंगावरील द्रव राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवावी लागते आणि त्यानंतर ठराविक तरंगलांबीच्या प्रकाशपेटीत तिचे बहुवारिकीकरण पुरे करावे लागते. धुणे अपुरे राहिले तर एकवारिक शिल्लक उरते. फार वेळ धुतल्यास अल्कोहोल आत शिरून पृष्ठभाग मऊ पडतो. हवेतील प्राणवायू पृष्ठभागावरील अभिक्रिया रोखतो, म्हणून काही उत्पादक नायट्रोजनच्या वातावरणात किंवा ग्लिसरीनखाली हा टप्पा करण्यास सांगतात. मिलिंगमध्ये जी रासायनिक जबाबदारी कारखाना उचलतो, ती मुद्रणात दवाखान्यातील तंत्रज्ञाच्या खांद्यावर येते. दोन्ही पद्धतींमधील हा भेद सर्वांत मूलगामी आहे.

७. निकषनिहाय तुलना :

(अ) कडेची जुळणी : टोपीची कड व दात यांमधील फट किती चालावी, याविषयी मॅक्लीन व फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये सुचविलेली १२० मायक्रोमीटर ही मर्यादा आजही प्रमाण मानली जाते. मानवी केसाची जाडी साधारण ७० ते १०० मायक्रोमीटर असते, हे ध्यानात घेतल्यास या मर्यादेची कल्पना येते. दोन्ही संगणकीय पद्धती काळजीपूर्वक वापरल्या तर ही मर्यादा पाळू शकतात व हाताने केलेल्या टोपीपेक्षा बहुधा सरस ठरतात. पात्याच्या त्रिज्येचे बंधन नसल्यामुळे आतील बारीक कोपऱ्यांच्या जुळणीत मुद्रण अनेक अभ्यासांत मिलिंगच्या बरोबरीने किंवा त्याहून चांगले आढळले आहे.

(आ) सामर्थ्य : नमनसामर्थ्य मोजण्यासाठी २५ × २ × २ मिलिमीटरची पट्टी २० मिलिमीटर अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मध्यभागी दाबतात. सूत्र असे :
नमनसामर्थ्य = (३ × बल × आधारांतील अंतर) ÷ (२ × रुंदी × जाडीचा वर्ग)
उदाहरणार्थ, पट्टी २४ न्यूटन बलाला तुटली तर तिचे नमनसामर्थ्य ९० मेगापास्कल होते. बहुवारिक टोप्यांच्या साहित्याविषयीच्या आयएसओ १०४७७ या मानकात सामर्थ्याची किमान अपेक्षा ५० मेगापास्कल अशी सांगितली जाते. मिलिंगची चकती ही अपेक्षा सहज ओलांडते आणि तिच्या निष्कर्षांत सातत्य असते. मुद्रित राळेचे मूल्य मात्र राळ, छपाईचा कोन व अंतिम प्रकाशप्रक्रिया यांनुसार मोठ्या मर्यादेत बदलते.

या सूत्रात एक व्यावहारिक बोध दडलेला आहे. सामर्थ्याशी जाडीच्या वर्गाचा संबंध असल्यामुळे, पट्टीच्या गणिताने पाहिल्यास, १.५ मिलिमीटरचा भाग घासून १.३ मिलिमीटर केला तर त्याची भार सोसण्याची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी घटते. १२० मेगापास्कलच्या साहित्याऐवजी ९० मेगापास्कलचे साहित्य वापरल्यावर होणारी घटही नेमकी २५ टक्के आहे. टोपीचा आकार पट्टीसारखा नसला तरी दिशा हीच राहते. चावा जुळविताना बेफिकिरीने घासलेले दोन दशांश मिलिमीटर महागड्या साहित्याचा सारा फायदा गमावून बसतात.

(इ) रंगस्थैर्य व पृष्ठभाग : चहा, कॉफी आणि आपल्या आहारातील हळद हे बहुवारिकांवर डाग पाडणारे प्रमुख पदार्थ आहेत. मुद्रित राळेतील ध्रुवीय घटक पाणी अधिक शोषतात आणि पाण्याबरोबर रंगद्रव्यही आत जाते. थरांच्या पायऱ्यांत ते साठूनही राहते. त्यामुळे रंगस्थैर्यात मिलिंगचे पारडे बहुधा जड राहते. पृष्ठभागाची खडबड ०.२ मायक्रोमीटरपेक्षा अधिक असल्यास जीवाणूंचा थर वाढू लागतो, हे १९९० च्या दशकातील संशोधनाने दाखविले आहे. म्हणून टोपी कोणत्याही पद्धतीची असो, चांगली झिलई करणे अनिवार्य आहे.

(ई) जैविक सुरक्षितता : मिलिंगच्या चकतीत शिल्लक एकवारिक अत्यल्प असल्यामुळे ती या निकषावर निर्धोक समजली जाते. मुद्रित टोपीची सुरक्षितता धुण्याच्या व प्रकाशप्रक्रियेच्या शिस्तीवर अवलंबून असते. प्रकाश-आरंभकांपैकी ‘टीपीओ’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचा सौंदर्यप्रसाधनांतील वापर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केला आहे. ही बंदी प्रसाधनांपुरतीच आहे. तरी न वापरलेला आरंभक टोपीत शिल्लक राहू नये, ही दक्षता त्यावरून अधोरेखित होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. नमुने किंवा साचे बनविण्यासाठी विकली जाणारी स्वस्त राळ तोंडात वापरणे म्हणूनच नैतिक व कायदेशीर अशा दोन्ही दृष्टींनी अयोग्य आहे.

(उ) वेळ व खर्च : मुद्रणयंत्राची किंमत मिलिंगयंत्रापेक्षा बरीच कमी असते व साहित्याची नासाडीही थोडी होते. मात्र धुणे, सुकविणे, प्रकाशप्रक्रिया, काड्या काढणे व झिलई यांना लागणारे मनुष्यबळ खर्चात धरले जात नाही, तेव्हा मुद्रण वाजवीपेक्षा अधिक स्वस्त भासते. दोन्ही पद्धतींचा एक समान लाभ असा, की फाईल जपून ठेवलेली असते. टोपी तुटल्यास पुन्हा ठसा न घेता तशीच दुसरी तयार करता येते. दूरच्या गावाहून येणाऱ्या रुग्णाला त्यामुळे एक खेप वाचते.

तक्ता क्र. १ : दोन पद्धतींची संक्षिप्त तुलना

| निकष | मिलिंग | त्रिमितीय मुद्रण |
|---|---|---|
| बहुवारिकीकरण | कारखान्यात पूर्ण | दवाखान्यात वा प्रयोगशाळेत पूर्ण करावे लागते |
| बारीक कोपऱ्यांची जुळणी | पात्याच्या त्रिज्येने मर्यादित | चांगली. प्रकाशमात्रेवर अवलंबून |
| सामर्थ्यातील सातत्य | अधिक | राळ, कोन व प्रक्रियेनुसार बदलते |
| रंगस्थैर्य | बहुधा चांगले | बहुधा कमी |
| साहित्याची नासाडी | मोठी | थोडी |
| एका वेळी अनेक टोप्या | वेळ वाढतो | वेळ जवळजवळ तेवढाच |

८. तुलनात्मक संशोधन वाचताना :
या विषयावरील प्रयोगांचे आकडे जसेच्या तसे व्यवहारात आणणे धोक्याचे आहे. बहुतेक प्रयोग सरळ पट्ट्यांवर होतात. टोपी पोकळ, वक्र आणि कडेला पातळ असते. कोरड्या अवस्थेत मोजलेले सामर्थ्य तोंडातील ओलाव्यात टिकेलच असे नाही. म्हणून ५ ते ५५ अंश सेल्सिअस यांदरम्यान आलटून पालटून बुडविण्याची कृत्रिम जीर्णन-प्रक्रिया केली होती का, हे पाहावे. अशी १०,००० आवर्तने सुमारे एका वर्षाच्या वापरासारखी मानण्याचा प्रघात आहे. तिसरी गोष्ट अशी, की ‘मुद्रण’ ही एकच वस्तू नाही. एका कंपनीची राळ, दुसरीचे यंत्र आणि तिसरीची प्रकाशपेटी वापरून मिळालेला निष्कर्ष त्या जुळणीपुरताच खरा असतो. ‘मुद्रित टोप्या दुबळ्या असतात’ किंवा ‘मुद्रित टोप्या सरस असतात’ ही दोन्ही विधाने यामुळे अपुरी ठरतात.

९. निष्कर्ष :
(१) दोन्ही संगणकीय पद्धतींनी दातावरच लगदा कडक करण्याच्या पद्धतीतील उष्णता व आकुंचन यांचे दोष दूर केले आहेत.
(२) मिलिंगची गुणवत्ता मुख्यतः साहित्यात असते, तर मुद्रणाची गुणवत्ता प्रक्रियेत असते.
(३) टोपीची जाडी, झिलई व चाव्याची जुळणी यांचा परिणाम पद्धतीच्या निवडीइतकाच मोठा असतो.

१०. शिफारशी :
टोपी कित्येक महिने राहणार असेल, रुग्णाला रात्री दात खाण्याची सवय असेल, अनेक दातांचा पूल असेल किंवा रुग्ण वेळेवर परत येईल याची खात्री नसेल, तर मिलिंगची टोपी श्रेयस्कर होय. एखाद-दोन आठवड्यांसाठी एकच टोपी हवी असेल, घासलेल्या दाताचा आकार गुंतागुंतीचा असेल किंवा एकाच वेळी अनेक टोप्या कराव्या लागत असतील, तर मुद्रण सोयीचे आहे. मात्र राळ तोंडातील वापरासाठी मान्य असलेली असावी आणि धुणे व प्रकाशप्रक्रिया उत्पादकाच्या सूचनेनुसार, घड्याळ लावून व्हावी. दंत-तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात यंत्र चालविण्याच्या बरोबरीने बहुवारिकांच्या रसायनशास्त्राला स्थान मिळणे इष्ट आहे.

रुग्णानेही तीन प्रश्न अवश्य विचारावेत : ही टोपी कशाची आहे, ती किती दिवसांसाठी आहे आणि ती निघाली अथवा तुटली तर काय करावे? विशेषतः दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लक्षात ठेवून ठरलेल्या तारखेला परत जाणे, ही दात वाचविण्याच्या कामातील रुग्णाची स्वतःची जबाबदारी आहे. टोपी कितीही चांगल्या पद्धतीने घडविलेली असली, तरी मुदतीपलीकडे तिच्यावर विसंबणे दाताला महाग पडते.